छावणींतील कलदार

दिवाळीचे दिवस जवळ आले कीं आमच्या छावणींतील घराघरांतून एक नेमाचें काम सुरू होतें. लक्ष्मीपूजनाकरितां जपून ठेवलेले चांदीचे रुपये डब्यांतून बाहेर निघतात, चिंचेच्या कोळांत भिजतात, रांगोळीनें किंवा राखेनें घासले जातात, आणि आरशासारखे लखलखीत होऊन चौरंगावर मांडले जातात. गृहिणीस त्यांत कर्तव्य केल्याचें समाधान असतें व तें योग्यच आहे. मात्र राणीच्या केसांतील बारीक रेषा, राजाच्या मुकुटावरील नक्षी व काठावरचे करकरीत दांते हीं सर्व वर्षानुवर्षांच्या त्या घासण्यांत झिजून जातात, ही गोष्ट कोणाच्या ध्यानीं येत नाहीं. संग्राहकाच्या दृष्टीनें अशा रुपयाचें मोल त्याच्या चांदीइतकेंच उरतें. या खेपेस आम्ही या जुन्या इंग्रजी नाण्यांविषयीं, त्यांच्या पारखीविषयीं व त्यांच्या लिलावांविषयीं लिहिणार आहों. कारण गेल्या वर्षीं आमच्या परिचयाच्या एका घरांत जो प्रश्न उभा राहिला, तो अनेक वाचकांच्या घरीं आज ना उद्यां उभा राहील असें आम्हांस वाटतें.

या रुपयास आमच्याकडे ‘कलदार’ म्हणतात. कल म्हणजे यंत्र. यंत्रावर पाडलेला तो कलदार. पुण्यामुंबईच्या वाचकांसहि हा शब्द ठाऊक आहे, परंतु त्याची खरी धार त्यांस जाणवण्याचें कारण नाहीं. त्यांच्याकडे त्या काळीं दुसरें नाणें नव्हतें. आमच्याकडे होतें. निजामाच्या मुलखांत निजामाचा हाली सिक्का चाले, आणि शंभर कलदार रुपयांस एकशें सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली असा भाव असे. हा भाव कोणाच्या लहरीनें ठरलेला नव्हता. कलदार रुपयाचें वजन १८० ग्रेन, म्हणजे आजच्या हिशेबानें ११.६६ ग्रॅम, व त्यांत बारा भागांस अकरा भाग चांदी. हाली रुपया वजनानें थोडा हलका व चांदीनेंहि हिणकस. दोहोंतील चांदीचा हिशेब मांडला म्हणजे वरील भाव आपोआप निघतो. अंकगणिताच्या तासाला याहून चांगलें उदाहरण मिळावयाचें नाहीं.

छावणींत कलदार आला तो फौजेबरोबर. हैदराबाद कंटिंजंट नांवाची जी फौज इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालीं असे, तिचें एक ठाणें येथें होतें. तिच्या पगाराची बाकी थकत गेली, आणि १८५३ च्या तहानें निजामास वऱ्हाड, रायचूर दुआब व धाराशिव-नळदुर्गाकडील मुलूख त्या खर्चापोटीं इंग्रजांच्या हवालीं करावा लागला. पुढें १८६० मध्यें वऱ्हाडाखेरीजचा मुलूख परत मिळाला, वऱ्हाड मात्र हातचें गेलें तें गेलेंच. शिपायांच्या पगाराकरितां एवढा प्रांत गहाण पडावा, ही कथा आम्हांस नाण्यांच्या इतिहासांतील सर्वांत बोधप्रद वाटते. असो. खामच्या अलीकडे कलदार व पलीकडे शहरांत हाली, असें आमच्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्यांत नेहमीं येई. गुरुवारच्या बाजारांत दोन्ही नाणीं भेटत व सराफ मध्यें बसून बट्टा घेई. १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, तरी हाली नाण्याचा व्यवहार पुरता बंद होण्यास १९५९ साल उजाडलें. म्हणून येथील जुन्या घरांच्या डब्यांत अजूनहि दोन्ही जातींचे रुपये शेजारीं शेजारीं सांपडतात.

वर ज्या घराचा उल्लेख केला तेथील आजोबा लष्करी हिशेबखात्यांत कारकून होते. ते जाऊन बराच काळ लोटला. गेल्या वर्षीं नातीची महाविद्यालयाची फी भरण्याची वेळ आली, तेव्हां देवघराच्या फडताळांतून त्यांचा पितळी डबा निघाला. त्यांत बेचाळीस रुपये होते, एकतीस कलदार व अकरा हाली. थोरल्या चिरंजीवांचें म्हणणें, सराफाकडे वजनावर देऊन टाकावे, चांदीला सध्यां भाव आहे. धाकट्यांच्या भ्रमणध्वनीवर मात्र एक निरोप आला होता कीं १८६२ सालच्या व्हिक्टोरिया रुपयास कित्येक लाख मिळतात, फक्त नोंदणीची फी व कर आधीं पाठवावयाचा. निरोपाच्या माथ्यावर रिझर्व्ह बँकेचें नांव होतें! घरांत दोन तट पडले, आणि काकूंनीं आम्हांस बोलावणें धाडलें. आम्ही गेलों तेव्हां त्यांनीं पांच रुपये वेगळे काढून ठेवले होते. म्हणाल्या, “मास्तर, माझ्या देवांत बसतात तेवढे मी घेतले. उरलेले तुमच्या पुस्तकांत बसतात का तें तुम्ही बघा.”

प्रथम त्या निरोपाची वासलात लावणें प्राप्त होतें. रिझर्व्ह बँकेनें ४ ऑगस्ट २०२१ रोजीं प्रसिद्धिपत्रक काढून स्पष्ट कळविलें आहे कीं, जुन्या नोटा व नाणीं यांच्या खरेदीविक्रीशीं तिचा कांहीं संबंध नाहीं व अशा व्यवहारांत ती कोणाकडून फी किंवा दलाली मागत नाहीं. धाकट्यांनीं तें वाचलें व मुकाट्यानें निरोप पुसून टाकला. थोरल्यांची समजूत काढणें अधिक अवघड होतें, कारण त्यांच्या म्हणण्यांत लबाडी नव्हती, केवळ घाई होती.

रुपया हा शब्द मुळांत आपलाच आहे. पाणिनीनें ‘रूप्य’ शब्द सिद्ध करतांना ‘आहत’, म्हणजे ठसा मारलेलें, हा अर्थ घेतला आहे. आणि कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नाणीं पारखणाऱ्या अधिकाऱ्यास ‘रूपदर्शक’ असें सुंदर नांव आहे. धातूचा भाव सराफ सांगूं शकतो. परंतु नाण्याला धातूखेरीज रूप असतें, आणि तें पाहणारा निराळा लागतो. आमच्या घाटी मुलखांत घरोघर शास्त्रीबुवा निघतील, वैद्य निघतील. रूपदर्शक मात्र दुर्मिळ. आम्ही भिंग व सोनाराचा छोटा तराजू घेऊन बसलों.

येथें वाचकांस एक गोष्ट आग्रहानें सांगावयाची आहे. जुनें नाणें आणि दुर्मिळ नाणें हे दोन भिन्न पदार्थ आहेत. १८३५ च्या कायद्यानें कंपनी सरकारनें आपल्या सर्व मुलखाकरितां एकच रुपया ठरविला. त्यापूर्वीं इलाख्याइलाख्यांत निराळे रुपये होते. त्या एका ठशाचे रुपये पुढें कोट्यवधींनीं पडले. त्यामुळें दीडशें वर्षांचा रुपयाहि सामान्य असूं शकतो. शिवाय रुपयावरील साल नेहमीं खरें नसतें. १८४० साल असलेले रुपये १८६२ पर्यंत पाडले जात होते. त्यांत आधींच्या तऱ्हेवर राणीच्या नांवाचीं अक्षरें डोक्यावरून सलग जातात, नंतरच्या तऱ्हेवर तीं चेहऱ्याच्या दोन बाजूंस विभागलेलीं असतात. तसेंच १८६२ साल असलेला रुपया १८७४ पर्यंत चालला. मुंबईच्या टांकसाळींत त्यावर बारीक ठिपके घालीत, आणि ते ठिपके मोजले म्हणजे पाडल्याचें खरें वर्ष उमगतें असें तज्ज्ञ मानतात. ज्या रुपयास निरोपवाल्यानें लाखांचें आमिष लाविलें होतें तो हाच! भाव ठरतो तो ठिपक्यांवरून व स्थितीवरून. निव्वळ ‘१८६२’ या आंकड्यास कांहीं अर्थ नाहीं.

उलट, वयानें लहान नाणें अत्यंत दुर्मिळ असूं शकतें. इंग्लंडांत १९३३ सालीं पेनींचा साठा पुरेसा असल्यामुळें त्या सालच्या पेनी चलनाकरितां पाडल्याच नाहींत. इमारतींच्या कोनशिलांखालीं ठेवण्यासारख्या कारणांकरितां मोजक्याच पाडल्या. लीड्सजवळच्या मिडल्टन येथील एका चर्चच्या कोनशिलेखालून तशी एक पेनी १९७० मध्यें चोरीस गेली. आठव्या एडवर्डाचें १९३७ सालचें सोन्याचें सॉव्हरिन असेंच. राजानें १९३६ च्या डिसेंबरांत गादी सोडली, नाणें चलनांत आलेंच नाहीं, नमुन्यादाखल पाडलेलीं कांहीं तेवढीं राहिलीं; त्यांपैकीं एक २०२० मध्यें दहा लक्ष पौंडांस विकलें गेलें. आणि १९१८ सालीं मुंबईस इंग्रजी टांकसाळीची शाखा उघडून जें सॉव्हरिन पाडलें, ज्यावर घोड्याखालच्या जमिनींत इवलासा ‘आय’ आहे, तें सुमारें तेरा लाख पडल्यामुळें सोन्याच्या भावाहून फार दूर जात नाहीं. मुंबईचें म्हणून आम्हांस त्याचें कौतुक अधिक, हा भाग वेगळा.

आतां डब्याकडे वळूं. पंचम जॉर्ज, सप्तम एडवर्ड व राणीच्या उत्तर काळांतील तेरा रुपये सामान्य निघाले. तीन रुपये १९४० नंतरचे होते. १९४० पासून रुपयांत निम्मीच चांदी घालूं लागले, हें थोरल्यांस ठाऊक नव्हतें. (१९४७ चा रुपया तर शुद्ध निकेलचा आहे, तो चांदीच्या पुरचुंडींत बांधून ठेवणारेहि आम्हीं पाहिले आहेत.) एक रुपया १९११ चा होता. त्यावर बादशहाच्या झग्यावरील मानचिन्हांत हत्ती आहे. त्याची सोंड इतकी आंखूड वठली कीं लोकांस तो डुक्कर वाटला, ओरड झाली, आणि सुमारें चौऱ्याण्णव लाखांपैकीं सुमारें सात लाखच बाहेर पडले होते तेवढे राहून बाकीचे वितळविले गेले. धाकट्यांच्या मुलानें भिंगांतून पाहून “हत्तीच आहे कीं!” असा निवाडा दिला.

मग १९३९ चा रुपया हातीं आला आणि धाकट्यांचा चेहरा उजळला. त्यांनीं वाचलें होतें कीं हा रुपया फार थोडा बाहेर पडला व म्हणून मोलाचा आहे. तें खरें आहे, आणि त्याचमुळें त्याच्या बनावट प्रती बाजारांत अमाप आहेत. तराजूंत तो भरला नाहीं. भिंगाखालीं अक्षरांच्या कडा वितळलेल्या मेणासारख्या गोलट दिसत होत्या व मोकळ्या जागेंत सुईच्या टोंकाएवढे खळगे होते. ठसा मारलेल्या नाण्याची अक्षरें ताठ उभीं असतात. हा साच्यांत ओतलेला होता. आजोबांच्या डब्यांत तो कसा शिरला? चौकशी करतां करतां निष्पन्न झालें कीं चार वर्षांपूर्वीं धाकट्यांनींच तो एका जत्रेंत घेऊन डब्यांत टाकला होता.

राहिले १८६२ चे सहा व १८४० चे दोन. सहांपैकीं दोहोंवर ठिपके स्पष्ट मोजतां येत होते. आणि १८४० च्या दोहोंपैकीं एक आजेसासूबाईंच्या शालूच्या घडींत गुंडाळलेला सांपडला. तो काळसर निळा पडला होता, पूजेस कधीं लागला नव्हता, आणि त्यावरील राणीच्या केसांचा पेड न् पेड शाबूत होता. सूनबाई पुढें होऊन म्हणाल्या, “काका, हा फार काळा झालाय, घासून आणूं का?” आम्हीं जवळजवळ ओरडूनच त्यांस थांबविलें. चांदीवर कालांतरानें चढलेली ती झांक संग्राहकास प्रिय असते, कारण तिच्याखालीं मूळचा पृष्ठभाग जसाच्या तसा असल्याची ती ग्वाही देते. एकदां पुसली कीं ती पुन्हां आणतां येत नाहीं, आणि कृत्रिम रीतीनें आणली तर जाणता ओळखतो.

ठरलें तें असें. पूजेचे पांच काकूंजवळ राहिले. ते त्यांनीं खुशाल घासावे. सामान्य तेरा व निमचांदीचे तीन सराफाकडे गेले, परंतु जातांना थोरल्यांच्या खिशांत हिशेबाचा कागद होता: जुन्या कलदारांत शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम, गुणिले त्या दिवसाचा भाव. सराफानें पहिला आंकडा सांगितला, कागद पाहिला, आणि दुसरा सांगितला. आमच्या मनास ते रुपये वितळणार याचें वाईट वाटलें हें लपवीत नाहीं, तथापि फी भरावयाची होती व त्या तऱ्हेचे रुपये अद्याप विपुल आहेत. १८४० चा तो काळा रुपया व ठिपक्यांचे दोन, असे तीन मुंबईच्या एका लिलावगृहाकडे पाठविले.

नाण्यांचे लिलाव आपल्याकडे आतां नियमानें होतात. मुंबईचें टोडीवाला, बंगळूरचें मरुधर हीं नांवें या छंदांतील सर्वांस परिचित आहेत. आधीं छापील सूची निघते. तींत प्रत्येक नाण्याचें चित्र, वजन, स्थिति व अपेक्षित किंमत असते, आणि इंग्रजी अमलाच्या नाण्यांपुढें बहुधा मेजर प्रिडमोर यांच्या ग्रंथांतील क्रमांक असतो. शंभर वर्षें पूर्ण झालेलें नाणें १९७२ च्या कायद्यानें पुरावस्तूंत मोडतें व तें खाजगी माणसास देशाबाहेर पाठवितां येत नाहीं, म्हणून विलायतेंत भाव अधिक आहे ही गोष्ट घरच्या डब्याच्या उपयोगाची नाहीं. जमिनींत पुरलेलें सांपडलें तर १८७८ चा कायदा लागतो, आणि दहा रुपयांहून अधिक मोलाच्या निधीची वर्दी कलेक्टरास द्यावी लागते. विकणाऱ्याकडून दलाली घेतात, घेणाऱ्याकडूनहि पुकारलेल्या किंमतीवर शेंकडा कांहीं वाढावा व कर घेतात. हातोडी पडते तो आंकडा म्हणजे खिशांतून जाणारा आंकडा नव्हे, हें नवखा बोलीदार हमखास विसरतो.

लिलावास आम्ही धाकट्यांबरोबर गेलों. आपले तीन रुपये विकले जाण्याच्या बऱ्याच आधीं सूचींत एक १९३९ चा रुपया होता, तपासून पारदर्शक डबींत सीलबंद केलेला, अस्सल. धाकट्यांच्या मनांत काय चाललें आहे तें आम्हीं आगगाडींतच ओळखलें होतें. म्हणून सभागृहांत शिरण्यापूर्वीं आम्हीं त्यांस एका चिठ्ठीवर आपली शेवटची बोली लिहावयास लाविलें, वाढावा व कर धरून, आणि चिठ्ठी आमच्या खिशांत ठेवली. त्यांनीं थोडें हंसून लिहिली.

त्या रुपयाची पाळी आली. बोली सुरू झाली ती दोन मिनिटांत चिठ्ठींतील आंकड्याजवळ पोंचली. एक गृहस्थ समोरच्या रांगेंतून हात वर करीत होते, दुसरा कोणी दूरध्वनीवर होता, आणि आमचे धाकटे. अशा वेळीं मनुष्यास नाणें दिसेनासें होतें; समोरच्या रांगेंतील तो हात तेवढा दिसतो. धर्मराजासारखा विवेकी पुरुषहि पणावर पण कां लावीत गेला, हें आम्ही वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविलें, पण त्याचा चेहरा कसा दिसत असेल हें त्या दिवशीं पाहिलें. आंकडा चिठ्ठीपलीकडे गेला. धाकट्यांचा हात उचलला गेला, अर्ध्यावर थांबला. ते आमच्याकडे वळले. आम्हीं कांहीं बोललों नाहीं, खिशालाहि हात लाविला नाहीं. त्यांनीं हात मांडीवर ठेवला. हातोडी त्यानंतरहि बऱ्याच बोलींनीं पडली.

आपले तीन रुपये तिसऱ्या प्रहरीं पुकारले गेले. ठिपक्यांचे दोन अपेक्षेच्या खालच्या टोंकास गेले. १८४० च्या काळ्या रुपयाकरितां मात्र तिघे हटून बसले, आणि त्या एकट्यानें सराफाकडील सोळा रुपयांहून अधिक दिलें. लाख नव्हे, दलाली वजा जातां नातीच्या पहिल्या सहामाहीची फी. पैसे हातीं येण्यास सहा आठवडे लागले, म्हणून थोरल्यांनीं तोंवर उसनवार केली. लिलावावर विसंबून तातडीची गरज भागत नाहीं, हें ज्यांस विकावयाचें आहे त्यांनीं आधींच जाणून असावें. उरलेले रुपये आतां कागदी पाकिटांत, प्रत्येकावर वजन व साल लिहून ठेवले आहेत. प्लास्टिकच्या स्वस्त पिशव्या आम्हीं वापरूं दिल्या नाहींत, त्यांतील कांहींनीं नाण्यावर हिरवट चिकटा धरतो. ओतीव १९३९ आम्हीं मागून घेतला. शेजारचीं मुलें आलीं कीं खऱ्या रुपयाशेजारीं ठेवून दाखवितों. भिंग एकदां डोळ्यास लावलें कीं तीं पुन्हां पुन्हां मागतात.

डब्यांतील अकरा हाली रुपये अद्याप काकूंकडेच आहेत. त्यांतील चारांवर चारमिनार आहे, म्हणजे ते १९०३ नंतरचे यंत्रावरील. उरलेले सात हातानें ठोकलेले, आणि त्यांवरील फारशी अक्षरें ठशाबाहेर गेल्यामुळें अर्धवट आहेत. एकावर औरंगाबादेच्या टांकसाळीचें ‘खुजिस्ता बुनियाद’ हें जुनें नांव असावें असा आमचा संशय आहे. शहरांत फारशी जाणणारे एक वृद्ध स्नेही आहेत. येत्या गुरुवारीं तो रुपया, न घासतां, त्यांच्याकडे घेऊन जाण्याचा बेत आहे.